खाईना गेलंय पिल्लू : बॉल पायथनचं पहिलं जेवण

लातूरच्या या घरात फ्रीजरमध्ये मटाराच्या पिशवीशेजारी गोठवलेले उंदीर ठेवले होते, त्यावरून घरात जे व्हायचं ते झालं, आता त्यांना वेगळा डबा मिळालाय. उंदीर कुणासाठी, तर दीड वीतभर लांबीच्या बॉल पायथनच्या पिल्लासाठी. साप बिनविषारी, मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा. आधीच सांगतो, आपल्याकडचा नाग, धामण, अजगर पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, घरात निघाला तर सर्पमित्राला बोलवा. हा परदेशी असला तरी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागतेच.

आता मुद्दा खाण्याचा. पिल्लू आणलं की त्याच दिवशी भरवायची घाई सगळ्यांनाच होते, पण आठवडाभर त्याला हात लावायचा नाही, खायलाही द्यायचं नाही, फक्त पाणी, लपायला अंधारी जागा, डब्याची एक बाजू 31-32 डिग्री आणि दुसरी जरा थंड. घाबरलेलं पिल्लू खात नाही, हट्ट वगैरे काही नसतो. मराठवाड्यात मे महिन्यात तर उलटीच गंमत, हीटपॅड बंद करून खोली थंड ठेवावी लागते, आणि हवा इतकी कोरडी की ओलावा 60 टक्क्यांवर टिकवायला डब्यात अंथरलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, सारखं ओलं करत बसा.

आजी म्हणते, दूध पाज की रे त्याला. आजी, सापाला दूध पचत नाही, पंचमीचा नाग पितो कारण गारुड्यानं त्याला तहानलेला ठेवलेला असतो.

उंदीर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात. मायक्रोवेव्ह नको, फुटतो. जाडी पिल्लाच्या पोटाएवढीच, त्याहून मोठा नाही. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर बारीक खाचा असतात, त्यातून त्याला ऊब कळते, म्हणून थंडगार उंदराकडे ते बघतच नाही. लांब चिमट्यानं धरून, डोकं पुढं करून, हळू हलवायचा. बघा, मान इंग्रजी एस सारखी मागं घेतली, जीभ आत-बाहेर थांबली, आणि झप! दोन वेढे. आता चिमटा सोडा, लाईट बंद करा अन् निघा तिथून, उंदीर सोडून देण्याचं कारण बहुतेक वेळा बघणाऱ्यांची गर्दीच असते.

जिवंत उंदीर सोडू नका, तो पिल्लालाच चावतो. खाल्ल्यावर दोन दिवस उचलायचं नाही, नाहीतर सगळं ओकून टाकेल, आणि ओकलं तर पुढचे दोन आठवडे उपास. एरवी पाच-सात दिवसांनी एक. डोळे निळसर झाले म्हणजे कात टाकायलंय, तेव्हा नाही खाल्लं तर काळजी नको.

वजनकाट्यावर आठवड्याला टाकत जा. वजन उतरायलं की मात्र व्हेट गाठा, गाई-म्हशी बघणारे डॉक्टर सगळीकडं आहेत, पण साप बघता का हे आधी फोनवर विचारून घ्या.