सुकतीच्या वेळी खडपावर

मंडळी, मालवणला येणारे पाहुणे उतरल्या उतरल्या बोटीची आणि स्नॉर्केलिंगची चौकशी करतात. इथलं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र साधारण २९ चौरस किलोमीटर. पण समुद्रातलं पुष्कळसं जीवन पोहता न येणाऱ्यालाही खडपावर, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या किनाऱ्याच्या खडकांवर, घोटाभर पाण्यात दिसतं. वेळ तेवढी साधायला हवी.

वेळ काढायला पंचांग पुरतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. तृतीयेला भरती सव्वादोनला. त्यात सव्वासहा तास मिळवले की सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, साडेआठच्या सुमारास. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरती-ओहोटीचा तक्ताही बघा. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असते, पाणी पुरेसं उतरतच नाही. ऐन पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप खालीही उतरतं खरं, पण सकाळची सुकती साडेपाचला, अंधारात. म्हणून मी द्वितीया ते चतुर्थीच सुचवेन: उधाणाचा जोर टिकून असतो आणि उजेडही मिळतो. पावसाळ्यात हा बेत नकोच.

सुकतीच्या दीड तास आधी निघा. पाणी उतरेल तसं पुढे सरका आणि सुकतीची वेळ झाली की परत फिरा, पाणी हललेलं दिसत नसलं तरी. इथंच लोक फसतात. भरती एकसारख्या वेगानं चढत नाही. समजा, चढउतार दोन मीटरचा आहे: पहिल्या तासात जेमतेम सतरा सेंटिमीटर चढतं, तिसऱ्या तासात पन्नास. शिवाय खडपाच्या किनाऱ्याकडच्या बाजूला सखल घळ असते. आपण उंच खडकावर कोरडे उभे असतो आणि पाठीमागची घळ भरलेली असते. जातानाच ती हेरून ठेवा.

पायात मागून पट्टा असलेल्या सँडल किंवा जुने बूट हवेत. कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात, आणि साधी चप्पल घळीत निघून जाते. हिरव्या शेवाळावर पाय देऊ नका, खरखरीत खडकावर द्या. दगड उलटून पाहिलात तर होता तसाच ठेवा. खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात मरतात. प्रवाळ आणि समुद्रकाकडीला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा पिशवी नेऊच नका. शंकूच्या आकाराचा, नक्षीदार जिवंत शंख तर हातातही घेऊ नये; त्याचा विषारी काटा माणसाचा जीव घेऊ शकतो.

वाळूची घळ ओलांडताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या. वाळूत दडलेलं पाकट, म्हणजे काटेरी शेपटीचा चपटा मासा, चाहूल लागून निघून जातं; थेट अंगावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं. मारलाच, तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवा. पाणी आधी दुसऱ्यानं हात घालून पाहावं, कारण दुखऱ्या पायाला चटका कळत नाही. मग दवाखाना गाठा. काट्याचा तुकडा आत राहिला तर जखम चिघळते.