काचेतले बुडबुडे, हवे तिथे

नमस्कार श्रोतेहो. काचेचे दोन तुकडे भट्टीत एकजीव केले की मधे बुडबुडे राहतातच. बहुतेक जण ते घालवायच्या मागे असतात. आज आपण ते मुद्दाम आणि रांगेत कसे आणायचे ते पाहू. पुढे आकडे येतील, कागद-पेन्सिल जवळ असू द्या.

आधी हवेचं गणित. भट्टी 700 अंश सेल्सिअसला पोचते तोवर काचांमधली हवा खोलीच्या तापमानाला होती त्याच्या सव्वातीन पट फुगलेली असते. काचांच्या कडा अजून उघड्या असल्या, तर दोन तृतीयांशांहून जास्त हवा बाहेर निघून जाते. कडा एकदा मिटल्या, की मग 804 अंशांपर्यंत उरलेली हवा जेमतेम दहा टक्के वाढते. म्हणजे बुडबुड्याचा आकार ठरतो तो कडा मिटायच्या आधी. लोक सगळा दोष कमाल तापमानाला देतात, पण बिघडलेलं असतं ते त्याच्या कितीतरी आधी.

आता चौकटीची पद्धत. शिकायला हीच सर्वांत भरवशाची. फ्यूजिंगची, म्हणजे भट्टीत एकजीव करायची, 3 मिलिमीटर जाडीची काच घ्या, 10 सेंटिमीटर चौरस, दोन तुकडे. खालचा रंगीत चालेल, वरचा मात्र पारदर्शकच हवा. त्याच काचेच्या 1 मिलिमीटर जाड काड्या मिळतात, त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. खालच्या काचेवर 8 मिलिमीटर अंतराने काड्या समांतर मांडा. त्यांच्यावर काटकोनात दुसरा थर, आणि वर झाकणाची काच. प्रत्येक चौकोनात अडकलेली हवा गोळा होऊन एकेक गोल बुडबुडा होतो. 2 मिलिमीटरच्या काड्या वापरल्या तर बुडबुडे मोठे येतात. काड्या घरंगळू नयेत म्हणून गोंद लावाल, तर फक्त टोकांना, टिपक्याएवढा. गोंद जळताना वायू सोडतो. तो मधे असला, की तिथे नको असलेला फुगा येतो, वर करडा डागही राहतो.

काड्या आणि काच एकाच प्रसरणांकाच्या हव्यात, 90 तर 90, 96 तर 96. प्रसरणांक म्हणजे तापल्यावर काच किती फुगते त्याचा आकडा. मिसळल्या तर तुकडा भट्टीतून धड निघेल आणि पुढे कधीतरी आपोआप तडकेल. मांडण्यापूर्वी काच धुवा, पुसा, कडांनाच धरा. बोटाचा ठसा आत राहिला, की तो तसाच भाजून निघतो.

भट्टीचा कार्यक्रम सांगतो, लिहून घ्या. हा 90 प्रसरणांकाच्या काचेसाठी आहे. ताशी 220 अंशांनी 677 पर्यंत, तिथे 30 मिनिटं थांबा. मग ताशी 330 ने 804 पर्यंत, तिथे 10 मिनिटं. नंतर भट्टी जमेल तितक्या लवकर 482 वर येऊ द्या आणि तिथे एक तास. पुढे ताशी 55 ने 371 पर्यंत उतरवा, मग बंद. झाकण मात्र भट्टी पूर्ण गार झाल्यावरच उघडा.

677 चा तो अर्धा तास फार महत्त्वाचा. काच तिथे सावकाश बसते आणि जादा हवा काड्यांमधल्या फटींतून निघून जाते. हा थांबा गाळला, की शेजारशेजारचे चौकोन एकमेकांत मिसळून वेडेवाकडे फुगे येतात. दोन तास थांबलात, तर हवाच उरत नाही आणि बुडबुडे मोहरीएवढे होतात. वर 804 ला जास्त वेळ ठेवलं, तर बुडबुडे पृष्ठभागाकडे चढून फुटतात, खळगे पडतात. कंट्रोलरवरचा आकडा भट्टीभट्टीत दहा-पंधरा अंशांनी फसवतो, म्हणून पहिला तुकडा चाचणीचा समजा.

कधी कधी एकच भला मोठा फुगा काचेच्या खालून वर येतो आणि फुटून भोक पाडतो. ती हवा काड्यांमधली नव्हे. काच ज्यावर ठेवतो त्या भट्टीतल्या शेल्फवरचा किल्न वॉश, म्हणजे काच चिकटू नये म्हणून लावलेला लेप, ओला होता, किंवा शेल्फ मधे खोलगट झालं आहे. वॉश पूर्ण वाळवा, शेल्फवर सरळ पट्टी आडवी ठेवून फट दिसते का बघा. 1 मिलिमीटरचा फायबर पेपर, म्हणजे उष्णता सोसणारा तंतूंचा कागद, अंथरला, की खालची हवा कडेने निघून जाते. तो पेपर काढताना आणि किल्न वॉशचा चुरा झाडताना मास्क लावाच.

दुसरी पद्धत स्वयंपाकघरातल्या खायच्या सोड्याची. दोन काचांमधे बारीक चाळणीतून अगदी विरळ भुरभुरवा, खालची काच दिसत राहिली पाहिजे. 200 अंशांच्या आतच त्यातला बराच वायू निघून जातो, तेव्हा कडा उघड्या असतात, त्यामुळे त्याचा फारसा उपयोग नाही. मागे उरतो तो धुण्याचा सोडा. काच मऊ झाल्यावर तो काचेतल्या सिलिकाशी संयोग पावून पुन्हा कार्बन डायऑक्साइड सोडतो. बारीक बुडबुड्यांचा दाट थर येतो तो यातून. जास्त घातला तर फेस होतो, काच पांढुरकी पडते. बेकिंग पावडर मात्र नको, तिच्यात स्टार्च असतो, तो जळून करडेपणा आणतो.

फ्यूजिंगची काच आपल्याकडे महाग पडते. सरावाला खिडकीची काच चालते, पण टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली, नको, ती कापता येत नाही. काड्यांऐवजी त्याच तावातून 3 मिलिमीटर रुंद पट्ट्या कापा. ही काच उशिरा मऊ होते, म्हणून कमाल तापमान 825 च्या आसपास आणि 482 ऐवजी 550 वर एक तास ठेवा.

तुकडा बाहेर आला की तळहात फिरवू नका. फुटलेल्या बुडबुड्याची कड ब्लेडसारखी कापते. आधी चष्मा लावून उजेडात तिरपं धरून पाहा. कड डायमंड पॅडने, म्हणजे हिऱ्याची भुकटी बसवलेल्या घासणीने, पाणी लावून घासता येते, पण खळगा राहतोच. त्यात अन्न अडकतं, म्हणून असा तुकडा ताटलीसाठी न वापरता भिंतीवर लावा.