रेंज फुल तरी व्हिडिओ का अडकतो? (आणि त्यावर एम.टेक. केलं तर दोन वर्षं जातात कुठे)

माझ्या आत्याला सांगितलं, की मोबाईलवर व्हिडिओ मधेच अडकतो ना, ते गोल गोल फिरत बसतं ना, त्यावर मी एम.टेक. करतोय, तर ती म्हणाली अरे मग मोठा रिचार्ज मार की, त्याला दोन वर्षं कशाला पाहिजेत. आणि खरं सांगू का, ॲडमिशन घेताना माझी समजूत पण साधारण तेवढीच होती, स्पीड वाढला की विषय संपला. १ ऑक्टोबर २०२२ ला आपल्याकडे ५जी सुरू झालं तेव्हा तर वाटलं, झालं, आता थिसिसमध्ये लिहायला काही उरलंच नाही.

आधी फोनमध्ये काय होतं ते बघू. आपल्याला वाटतं व्हिडिओ म्हणजे एक फाईल आणि ती नळाच्या पाण्यासारखी येतेय. तसं नसतं ते. सर्व्हरवर एकाच व्हिडिओच्या बऱ्याच कॉप्या असतात, एकदम हलक्या क्वालिटीपासून फोर-केपर्यंत, आणि प्रत्येक कॉपी काकडीसारखी चिरून ठेवलेली असते, काही काही सेकंदांचे तुकडे. ॲपलनं २००९ मध्ये आयफोनसाठी एचएलएस आणलं ते याच पद्धतीचं, २०१२ मध्ये डॅश नावाचं स्टँडर्ड आलं ते पण असंच. आणि बहुतेकांना माहीत नसतं ते हे, की कुठला तुकडा पाठवायचा ते सर्व्हर ठरवत नाही, तुमच्या फोनमधला प्लेअर ठरवतो. दर तुकड्याला त्याला विचार करावा लागतो, पुढचा भारी मागवू का हलका, आणि पुढच्या चार सेकंदांत नेटचं काय होणारे हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसतं.

हिशोब करून बघा. समजा ४ सेकंदांचा तुकडा आहे, ३ एमबीपीएस (सेकंदाला ३ मेगाबिट) क्वालिटीचा, म्हणजे १२ मेगाबिट झाले. नेट मिळतंय २ एमबीपीएस. तुकडा उतरायला लागले ६ सेकंद, तेवढ्या वेळात तुम्ही ६ सेकंद बघून मोकळे, आणि आत आले फक्त ४. म्हणजे आधीच उतरवून ठेवलेल्या व्हिडिओची शिल्लक दर तुकड्याला २ सेकंदांनी घटतेय. २० सेकंदांची शिल्लक असेल तर बरोब्बर एका मिनिटात खडखडाट.

एवढंच असतं तर मग सोपं होतं, सरासरी स्पीड बघा आणि त्याच्या खालची क्वालिटी मागवा. मी पण तेच धरून चाललो होतो आणि मग एकदा डेक्कन क्वीनमध्ये लॅपटॉप उघडून बसलो, फोन यूएसबीनं जोडलेला, एकीकडे व्हिडिओ चालू आणि एकीकडे वायरशार्क चालू, म्हणजे येणारंजाणारं प्रत्येक पॅकेट (डेटाचं छोटं पुडकं) लिहून ठेवणारं सॉफ्टवेअर. समोरचे काका सारखे स्क्रीनकडे बघत होते, शेवटी विचारलंच त्यांनी, हॅकिंग करताय का.

लोणावळा सोडलं आणि घाट सुरू झाला. बोगदा आला की स्पीडची रेघ शून्यावर, बाहेर पडलो की सरळ वर, की लगेच पुढचा बोगदा. कर्जतपर्यंत नुसता करवतीच्या दात्यांसारखा ग्राफ. त्याची सरासरी काढली तर चांगली आली हो, एचडी आरामात चालावं एवढी! पण तेवढं नेट त्या अख्ख्या घाटात कुठेच नव्हतं, एक तर शून्य होतं नाहीतर भरपूर होतं.

आणि खरी मजा पुढे. एका बोगद्यातून बाहेर आलो, फोनवर रेंजच्या सगळ्या दांड्या फुल, आणि व्हिडिओ ढिम्म. मी सिमकार्डला शिव्या घातल्या. रात्री पॅकेट बघितले तेव्हा कळलं सिमची काही चूक नव्हती. फोननं बोगद्यात असताना तुकडा मागितला होता, उत्तर आलं नाही, मग टीसीपीनं (डेटा पोचला की नाही ते बघणारं, नाही तर परत पाठवणारं फोनमधलं सॉफ्टवेअर) थोडं थांबून परत मागितला, परत नाही. आता टीसीपीचा नियम असा आहे की दर फुकट फेरीनंतर थांबायची वेळ दुप्पट करायची, १ सेकंद, २, ४, ८, कारण त्याला वाटतं समोर गर्दी आहे, आपण उगाच भर घालू नये. हे १९८० च्या दशकातलं शहाणपण आहे, तेव्हा इंटरनेट गर्दीनं खरंच कोलमडलं होतं, त्यामुळे ते चूक नाहीये, पण टीसीपीला गर्दी आणि बोगदा यातला फरक कळत नाही. म्हणजे टॉवर दारात येऊन उभा आहे आणि टीसीपी आत ८ सेकंदांचा गजर लावून झोपलंय.

तिथे माझा थिसिस सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही.

मग मला वाटलं यावर एआय लावू, आजकाल सगळेच लावतात. एमआयटीच्या लोकांनी २०१७ मध्ये पेन्सिव्ह नावानं ते केलेलं होतंच, न्यूरल नेटवर्कला शिकवायचं कुठला तुकडा मागवायचा. माझ्या गाईड मॅडमनी काही न बोलता स्टॅनफर्डचा २०२० चा पेपर पुढे ठेवला. त्यांनी टीव्ही चॅनेल खऱ्या लोकांना फुकट दाखवले, ६३,५०८ लोक, मिळून ३८.६ वर्षांचा व्हिडिओ, आणि कोणाच्या वाट्याला कुठला अल्गोरिदम (म्हणजे तुकडा निवडायची पद्धत) ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं. निघालं काय, तर शिल्लक कमी असेल तर हलका मागव आणि जास्त असेल तर भारी मागव, एवढा आजीबाईच्या बटव्यातला नियम हरवणं या हुशार अल्गोरिदमना जड गेलं. त्याच टीमचा फुगू नावाचा अल्गोरिदम पुढे गेला, हो नावच ते आहे, पण तो तिथल्याच खऱ्या प्रेक्षकांच्या डेटावर रोजच्या रोज शिकत होता. त्या दिवसापासून मी नुसत्या सिम्युलेशनवर ४० टक्के सुधारणा वगैरे छापणाऱ्या पेपरांकडे जरा तिरकंच बघतो.

आता ॲडमिशनचं पटकन. व्हिडिओ स्ट्रीमिंग नावाची डिग्री शोधत बसू नका, बहुतेक ठिकाणी तुम्ही इलेक्ट्रॉनिक्समधलं कम्युनिकेशन नाहीतर कम्प्युटर सायन्स घेता आणि हा विषय थिसिसला निवडता, म्हणून कॉलेजच्या आधी गाईड बघा. गेट या एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेला ईसी (इलेक्ट्रॉनिक्स) किंवा सीएसचा (कम्प्युटर सायन्स) पेपर, स्कोअर ३ वर्षं चालतो, स्टायपेंड महिन्याला १२,४०० रुपये, त्यात पुण्या-मुंबईत काय भागतं ते तुम्हीच ठरवा. बाहेर जायचं असेल तर ऑस्ट्रियातलं क्लागेनफुर्ट बघा, गाव छोटं आहे पण बिटमूव्हिन ही स्ट्रीमिंगची कंपनी तिथल्याच युनिव्हर्सिटीतून निघाली. आणि प्रोबॅबिलिटी पक्की करा, बी.ई.ला जी आपण ऑप्शनला टाकतो ना, तीच.

घरी करून बघायचं असेल तर ब्राउझरमध्ये डॅश.जेएसचा रेफरन्स प्लेअर उघडा, बफर (म्हणजे आपली ती शिल्लक) आणि बिटरेटच्या (म्हणजे क्वालिटीच्या) रेघा तिथे लाइव्ह दिसतात. नेटचा स्पीड मुद्दाम कमी करायला लिनक्सवर टीसी नावाची कमांड आहे, येणारं नेट दाबायला थोडी खटपट लागते तिच्यात, पण जमतं. ५ एमबीपीएसवर ठेवा, मग एकदम अर्ध्यावर आणा, मग शून्य, मग परत ५, आणि प्लेअर कधी घाबरतो कधी परत धीर करतो ते बघत बसा. फक्त झाल्यावर ती लिमिट काढून टाका. मी विसरलो होतो, आणि दोन दिवस हॉस्टेलच्या वायफायला शिव्या देत होतो.