डेटाशीटवर ७५ वॅट, मीटरवर ७५ मिलीवॅट: पल्स्ड लेझर डायोडचं गणित

नमस्कार मंडळी!

हा बघा, साध्या एलईडीएवढा दिसणारा ९०५ नॅनोमीटरचा पल्स्ड लेझर डायोड, म्हणजे सतत न पेटता पल्समध्ये, क्षणभराच्या झोतांमध्ये, प्रकाश देणारा. रेंजफाइंडरमध्ये, लायडारमध्ये, म्हणजे लेझरनं अंतर मोजणाऱ्या उपकरणांमध्ये, असे डायोड असतात. याच्या डेटाशीटवर लिहिलंय, पीक पॉवर (पल्स चालू असतानाची सर्वोच्च पॉवर) ७५ वॅट. आणि थर्मल पॉवर मीटरसमोर धरला की आकडा येतो जेमतेम ७५ मिलीवॅट. हजारपट कमी! माल नकली आहे का? अजिबात नाही. दोन्ही आकडे खरे आहेत.

डेटाशीटमध्ये आणखी दोन गोष्टी शोधा. पल्सची रुंदी १०० नॅनोसेकंद आणि ड्युटी सायकल, म्हणजे एकूण वेळेपैकी डायोड चालू असण्याचा वाटा, जास्तीत जास्त ०.१ टक्का. म्हणजे सेकंदाला १०,००० पल्स. एका पल्समधली ऊर्जा, ७५ वॅट गुणिले १०० नॅनोसेकंद, होते ७.५ मायक्रोज्यूल. अशा १०,००० पल्स म्हणजे सेकंदाला ७५ मिलीज्यूल, म्हणजेच ७५ मिलीवॅट. थर्मल मीटर संथ असतो. सुटा पल्स त्याला कळतच नाही, तो फक्त सरासरी सांगतो.

मग एवढ्या पीकचा अट्टहास कशाला? लांबच्या भिंतीवरून परत येणारा प्रकाश अगदी क्षीण असतो, आणि तो उन्हाच्या उजेडातून वेगळा काढायचा असतो. तिथे सरासरी कामाला येत नाही, त्या क्षणीचा जोर लागतो.

आता नीट ऐका, कारण डायोड जळतात ते इथेच. सरासरी पॉवर वाढली की जंक्शन, म्हणजे डायोडच्या आतला प्रकाश तयार होणारा भाग, तापतं. पीक वाढला की मार बसतो तो डायोडच्या तोंडावर, जिथून प्रकाश बाहेर पडतो त्या पृष्ठभागावर. तो थोडा प्रकाश शोषतो, तापतो, तापला की आणखी शोषतो आणि वितळतो. हे सगळं एकाच पल्समध्ये होऊ शकतं. त्यामुळे ‘मी पल्स निम्मे केले, आता करंट डेटाशीटमधल्या ३० अँपिअरच्या वर नेतो’ हा हिशोब चुकीचा आहे. पल्स निम्मे केल्यानं उष्णता कमी झाली, पण प्रत्येक पल्सचा घाव तेवढाच राहिला. उलटही तितकंच खरं: ‘सरासरी ७५ मिलीवॅट चालते ना’ म्हणून याला सतत करंट देऊ नका. ती उष्णता बाहेर काढायची सोय या पॅकेजमध्ये नाही.

आणि डोळे सांभाळा. ९०५ नॅनोमीटर आपल्याला दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही. पण डोळ्याची भिंगं हा प्रकाश थेट पडद्यावर एकवटतात. योग्य तरंगलांबीचा सुरक्षा चष्मा लावल्याशिवाय सर्किट चालू करायचं नाही.

पीक मोजायचा कसा? वेगवान फोटोडायोड ऑसिलोस्कोपला जोडा. स्कोपच्या टोकाला ५० ओमचं टर्मिनेशन (केबलच्या शेवटी लावायचा रोध) लावायला विसरू नका, नाहीतर पल्स आहे त्यापेक्षा रुंद दिसेल. पल्सच्या अर्ध्या उंचीवर रुंदी वाचा. मग वारंवारिता (सेकंदाला किती पल्स) आणि रुंदी यांचा गुणाकार करा, आणि मीटरवरच्या सरासरीला त्यानं भागा. उत्तर साधारण पीक. ‘साधारण’ मुद्दाम म्हणतोय, कारण खरा पल्स चौकोनी नसतो. त्याच्या मागे लांब शेपटी असेल, तर तिची ऊर्जा मीटरमध्ये मोजली जाते, पण अर्ध्या उंचीच्या रुंदीत येत नाही, आणि पीक खऱ्यापेक्षा जास्त निघतो. म्हणून आकडा लिहून घेण्याआधी स्क्रीनवर पल्सचा आकार बघा.