एका मिठीची किंमत

नमस्कार मंडळी! आज अमेरिकेत जायचंय, २००९ सालात. आकडे थोडे आहेत, गोष्ट जास्त आहे, त्यामुळे रेडिओ बंद करू नका.

तर तेव्हा मंदी अशी जोरात होती की महिन्याला लाखो लोकांच्या नोकऱ्या जात होत्या. ओबामा २० जानेवारीला खुर्चीत बसले आणि १७ फेब्रुवारीला ७८७ अब्ज डॉलरच्या स्टिम्युलस पॅकेजवर सही करून मोकळे झाले. स्टिम्युलस म्हणजे काय, तर लोक हात आखडून बसलेत, कंपन्याही बसल्यात, मग सरकारनेच कर्ज काढून पैसा बाजारात ओतायचा, थोडी करात सूट, थोडे राज्यांना, थोडे रस्त्यांना. बास, एवढं पुरे. ओबामांची इच्छा अशी की हे दोन्ही पक्षांनी मिळून पास करावं, त्यासाठी स्वतः उठून विरोधी रिपब्लिकन खासदारांना भेटायला गेले. शेवटी मतं किती मिळाली त्यांची? खालच्या सभागृहात शून्य, वरच्या म्हणजे सिनेटमध्ये तीन. लक्षात ठेवा, शून्य आणि तीन.

आता माझी आवडती गोष्ट. १० फेब्रुवारी, म्हणजे सहीच्या आठवडाभर आधी, ओबामा फ्लोरिडात फोर्ट मायर्स नावाच्या गावी सभेला गेले. हे गाव मुद्दाम निवडलेलं, कारण तिथे घरांचे भाव कोसळलेले आणि कर्जाचे हप्ते थकले म्हणून बँकांनी घरामागून घर जप्त केलेलं. त्या सभेत एक बाई उभी राहिली, गाडीत राहत होती ती, आणि म्हणाली की आम्हाला आमचं स्वतःचं स्वयंपाकघर हवंय, स्वतःचं बाथरूम हवंय. पॅकेजवर टीव्हीवर तासन्‌तास चर्चा झाल्या असतील, पण मला विचाराल तर अख्खा विषय त्या बाईने एका वाक्यात सांगितला. (आपल्याकडेही बजेटच्या रात्री सहा जण एकाच वेळी ओरडतात त्यापेक्षा अशी एक बाई बसवा ना स्टुडिओत.)

तर त्या सभेत ओबामांची ओळख करून द्यायला स्टेजवर कोण, तर फ्लोरिडाचे गव्हर्नर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखे, चार्ली क्रिस्ट. रिपब्लिकन! लोकांचे लाडके, आदल्याच वर्षी उपाध्यक्षपदासाठी नाव चर्चेत असलेले. त्यांचं म्हणणं साधं होतं, माझ्या राज्याची तिजोरी रिकामी आहे, शिक्षकांच्या नोकऱ्या जातील, पैसा येतोय तर येऊ दे. भाषण झालं, ओबामा स्टेजवर आले, आणि दोघांनी मिठी मारली. किती वेळ? दोन-चार सेकंद असेल. कॅमेरे मात्र चालू होते.

मंडळी, त्या मिठीने माणूस संपवला हो. क्रिस्ट पुढे सिनेटसाठी उभे राहिले, सुरुवातीला एवढे पुढे की पक्षातलं तिकीट म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी. पण समोर उभा राहिला मार्को रुबिओ, तेव्हा बाहेर कोणाला फारसा माहीतही नसलेला तरुण, आणि त्याच्या बाजूने ती मिठी पुन्हा पुन्हा दाखवली गेली, फोटोत, जाहिरातीत, जिकडे तिकडे. बघा, आपला माणूस कोणाच्या गळ्यात पडलाय! पॅकेजमधून राज्याला काय मिळालं ते कोणी विचारेना, मिठी का मारली एवढंच विचारायचे. क्रिस्ट इतके मागे पडले की एप्रिल २०१०मध्ये पक्ष सोडून अपक्ष उभे राहिले, नोव्हेंबरमध्ये हरले, २०१२च्या शेवटी थेट ओबामांच्या पक्षात जाऊन डेमोक्रॅट झाले. आणि तो रुबिओ? सिनेटर झाला, आणि पुढे अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री!

आता कोणी म्हणेल की रिपब्लिकनांना उधळपट्टीच पटत नाही, त्यांचं तत्त्व आहे. हो का? २००८मध्ये रिपब्लिकन बुश अध्यक्ष असताना लोकांना चेक वाटायचं पॅकेज आलं, सिनेटमध्ये ८१ विरुद्ध १६ने पास. २०२०मध्ये रिपब्लिकन ट्रम्प असताना कोविडचं २ लाख कोटी डॉलरच्याही वरचं पॅकेज आलं, सिनेटमध्ये ९६ विरुद्ध शून्य! आणि वर्षभरात डेमोक्रॅट बायडेन आले, त्यांच्या पॅकेजला रिपब्लिकन मतं पुन्हा शून्य. डेमोक्रॅट मात्र बुशच्या वेळी होते, ट्रम्पच्या वेळीही होते, हे त्यांच्या बाजूने मान्य करायलाच हवं. पैसा तोच असतो मंडळी, खुर्चीत कोण आहे आणि श्रेय कोणाला जाणार ते बघून हात वर होतो. ट्रम्पनी तर कोविडच्या चेकवर स्वतःचं नाव छापून घेतलं. आपल्या चौकातल्या फ्लेक्सवाल्यांनी ऐकलं नाहीये ना हे, नाहीतर उद्या रेशनच्या पिशवीवर... जाऊ दे, पिशवीवर फोटो येऊनही गेलेत.

ओबामांनी उलट केलं. काम करणाऱ्या माणसाला ४०० डॉलरपर्यंत सूट दिली, पण चेक न पाठवता पगारातून कापला जाणारा टॅक्स थोडा कमी केला, आठवड्याला आठ ते तेरा डॉलर. बहुतेकांना कळलंच नाही की काही मिळालंय. श्रेय शून्य.

आणि जाता जाता, पुण्या-ठाण्यातल्या ज्या घरांत मुलं तेव्हा एच-वन-बीची, म्हणजे अमेरिकेत नोकरी करायच्या व्हिसाची, वाट बघत होती त्यांच्यासाठी. ओबामांच्या ह्याच पॅकेजच्या कायद्यात एक कलम होतं, की सरकारी बेलआउट, म्हणजे बुडू नये म्हणून सरकारी पैसा, घेतलेल्या बँकांनी एच-वन-बीवर बाहेरची माणसं घ्यायची तर आधी कडक अटी पाळायच्या, दोन वर्षं. ते कलम आणलं कोणी, तर डावे सिनेटर बर्नी सँडर्स आणि रिपब्लिकन सिनेटर चक ग्रासली, दोघांनी मिळून. तिथे मात्र पक्षबिक्ष काही आडवं आलं नाही! कलम कायद्यात गेलं, आणि मग ग्रासलींनी अख्ख्या बिलाच्या विरोधात मत दिलं.