अडकलेली गेर आणि मायटोकाँड्रियाचे शिंतोडे

मंडळी, पोहे-जिलबी खाऊनच आलेले दिसताय सगळे, बरंय, म्हणजे माझा विषय आधीच तुमच्या पोटात पोचलाय. त्या पोह्यातून निघालेले इलेक्ट्रॉन मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या इंजिनाच्या, आतल्या पडद्यात कॉम्प्लेक्स नावाच्या प्रथिनांच्या गटांतून, 1 पासून 3, मग 4 असे हातोहात पुढे सरकतात आणि शेवटी कॉम्प्लेक्स 4 ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवून त्याला चार इलेक्ट्रॉन देतो, पाणी होतं, विषय संपला. पण वाटेत कुठे एखादा इलेक्ट्रॉन सुटून एकटाच ऑक्सिजनला चिकटला तर होतो सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं एक तापट रूप, एक फ्री रॅडिकल. हे मुख्यतः कॉम्प्लेक्स 1 आणि 3 वर घडतं.

आता सगळ्यांना वाटतं की इंजिन जितकं पळेल तितका धूर जास्त. इथे उलटं आहे!

आपल्या इंदूरची रंगपंचमीची गेर, ती रंग उडवत जाणारी मिरवणूक, आठवा. राजवाड्याजवळ गेर सरकत असते तोवर रंग पुढे पुढे जातो, पण पुढे कुठे अडली की मागून रेटा चालूच, आणि मग सगळा रंग कडेला उभ्या असलेल्यांच्या कपड्यांवर. मायटोकाँड्रियाचंही तेच, एडीपी हा कच्चा माल मिळत असेल, त्यापासून एटीपी हे पेशीचं इंधन बनत असेल, तर रांग चालती राहते आणि शिंतोडे कमी उडतात.

हे लॅबमध्ये डोळ्यांनी दिसतं. उंदराच्या हृदयातले मायटोकाँड्रिया क्युवेटमध्ये घ्यायचे, अॅम्प्लेक्स रेड नावाचं रंग देणारं रसायन टाकायचं, सोबत मुळ्याच्या जातीच्या एका तिखट मुळातून काढलेलं पेरॉक्सिडेज हे एन्झाईम. सुपरऑक्साइडपासून हायड्रोजन पेरॉक्साइड झालं की द्रावण गुलाबी होत जातं. सक्सिनेट, म्हणजे इलेक्ट्रॉन पुरवणारं एक इंधन, घाला, गुलाबीपणाचा ग्राफ सरळ वर. एडीपी घाला, ग्राफ लगेच आडवा पडायला लागतो. रोटेनोन या विषाने कॉम्प्लेक्स 1 बंद केला तरी पडतो, कारण तो शिंतोडा इलेक्ट्रॉन उलटे कॉम्प्लेक्स 1 मध्ये घुसल्याने उडत होता. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं मीच पिपेट चुकवली.

ते ‘एक-दोन टक्के ऑक्सिजन फ्री रॅडिकल होतो’ वाचलंय ना सगळीकडे? ते आकडे 1970 च्या दशकातल्या, ब्रिटन चान्स या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या वगैरे प्रयोगांतून आलेत, सुटे मायटोकाँड्रिया, हवेइतका ऑक्सिजन, सक्सिनेट भरपूर आणि कधी वरून वाट अडवणारी औषधं. शरीरात ऑक्सिजन त्याहून खूप कमी, गळतीही कमी. म्हणून ते टक्के अँटिऑक्सिडंट गोळ्यांच्या जाहिरातीत दिसले की मी चिडतो.

शिंतोडे पुसायला एसओडी नावाचं एन्झाईम आहेच. मायटोकाँड्रियाच्या आतल्या पोकळीतलं, मँगनीजवालं एसओडी नसलेली उंदराची पिल्लं 1995 मध्ये तयार केली, ती दहा दिवसांच्या आत गेली, हृदय फुगून.

आणि हृदयाचंच सांगतो. अटॅकमध्ये रक्त थांबलं की पेशीत सक्सिनेट साठतं. बंद झालेली रक्ताची नळी उघडली, ऑक्सिजन परत आला, की ते एकदम जळतं आणि रेटा उलटा कॉम्प्लेक्स 1 वर. नळी उघडायलाच हवी, त्यात वाद नाही, पण पहिली काही मिनिटं ही अडकलेली गेर असते. 2014 मध्ये केंब्रिजच्या मायकल मर्फी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना मॅलोनेट या सक्सिनेटची वाट अडवणाऱ्या रसायनाचं एक रूप देऊन सक्सिनेटचं जळणंच दाबलं, हृदयाचं नुकसान कमी झालं.