पुण्याहून समुद्रावर गरवायला जाताय? आधी तिथी बघा

नमस्कार मंडळी. पावसाळा सरला की ताम्हिणी उतरून कोकणात गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला, जाणाऱ्या पुण्याच्या गाड्या वाढतात. बहुतेक जण बोट ठरवतात ती सुट्टी बघून. तसं करू नका. आधी पंचांगात तिथी बघा, मग बोटवाल्याला फोन करा.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी ६ च्या सुमारास आणि पूर्ण ओहोटी १२ ला. दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, म्हणून नेमकी वेळ त्या बंदराच्या भरतीच्या तक्त्यावर ताडून घ्या. दिवस निवडायला मात्र हा हिशेब पुरतो.

आता हे खाडीत कसं लागू पडतं बघा. अष्टमी ते दशमी हे भांगाचे दिवस. पाणी कमी चढतं, कमी उतरतं, गाळ फारसा उठत नाही आणि लुअर, म्हणजे खोटं आमिष, माशाला दिसतो. शिवाय सकाळभर ओहोटी मिळते. भरतीला कांदळवनात शिरलेली कोळंबी आणि बोय उतरत्या पाण्याबरोबर बाहेर पडतात, आणि जिताडा, तांबोशी ओहळांच्या तोंडाशी दबा धरून असतात. इंजिन लांबच बंद करा, बोट तोंडापासून २०-२५ मीटरवर नांगरा. लुअर ओहळाच्या आत टाका आणि पाण्याच्या ओढीनं बाहेर येऊ द्या.

उधाणात, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीत, हीच खाडी गढूळ होते, ओढीमुळे दोरीला लावलेलं शिशाचं वजन जागेवर ठरत नाही. तेव्हा लुअर ठेवून द्या, जिवंत कोळंबी लावा आणि भरती-ओहोटी पालटताना मिळणारा संथ पाण्याचा वेळ साधा.

(कॅमेरा रॉड आणि रीळवर)

खाडीसाठी ७ फुटी मीडियम-हेवी रॉड, ४००० आकाराचं रीळ, ३० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे मीटरभर ४० पौंडी लीडर (गळाजवळचा जाड दोरा). जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते, नुसती ब्रेड त्यावर घासली की तुटलीच. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी सोडणारा रीळचा ब्रेक, हातानं ओढून अंदाजानं लावू नका. बॅगा तोलायचा काटा अडकवा आणि ३ ते ४ किलोवर सुटेल असा ठेवा. तांबोशी गळाला लागल्या क्षणी मुळांकडे पळते. ड्रॅग सैल असेल तर मासाही जातो, लुअरही.

बाहेर समुद्रात सुरमईसाठी ट्रोलिंग करताना, म्हणजे चालत्या बोटीमागे लुअर ओढताना, पुढे फूटभर तार हवीच, तिच्या दातांपुढे लीडर टिकत नाही. वेग ५-६ नॉट, म्हणजे ताशी साधारण १० किलोमीटर. गोबऱ्यासाठी खडकावर जिगिंग (जड धातूचं आमिष तळाशी सोडून वर-खाली झटकणं) करायचं असेल तर इथेही भांगच बरा. उधाणाच्या ओढीत जिग तिरकी वाहते आणि तळाच्या खडकात अडकते.

हंगाम ऑक्टोबर ते मे. पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो, समुद्र शांत. मार्चपासून दुपारी समुद्राकडून येणारा खारा वारा जोर धरतो, म्हणून उजाडताना निघून ११ पर्यंत बंदरात परत या. पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, कोणी बोट काढायला तयार झाला तरी जाऊ नका.

तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, पैसे देण्याआधी विचारा: माणशी एक लाईफ जॅकेट आहे का, प्रवासी नेण्याचा परवाना आहे का, इंजिन बंद पडलं तर पर्याय काय? मालवणला जात असाल तर तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. गरवायला मनाई कुठे, ते आधीच विचारून घ्या.

एक कळकळीची विनंती. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. तुमच्या हातातला मीटरभराचा जिताडा बहुधा अंडी देणारी मादी आहे. तिला पाण्याबाहेर टांगू नका. पोटाखाली हात देऊन फोटो काढा आणि सोडा.

आणि घरी पोचल्यावर, कितीही दमला असलात तरी, त्याच रात्री रीळ धुवा. ड्रॅग घट्ट करा, गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. जोराचा फवारा मारू नका, त्यानं मीठ बेअरिंगमध्ये शिरतं. पुसून वाळवलं की ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर आतले वॉशर दबून राहतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग झटके देत सुटतो.